कबुली घेतली, वचन कोठें गेलें?

बैलबाजारांत रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरतो, हें आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. भाव चारचौघांस दिसत नाहीं, पण ठरला तो ठरला. इसार घेऊन विकणारानें बैल दिला नाहीं, किंवा दाखविलेला बैल त्याच्या मालकीचाच नव्हता असें निघालें, तर चार माणसें जमतात आणि म्हणतात, एक तर बैल दे, नाहीं तर इसार परत कर. पैसेहि ठेवून घ्यावे आणि बैलहि देऊं नये, असा न्याय कोणत्याहि गांवच्या चावडीवर चालत नाहीं. असें असतां फौजदारी कोर्टांत मात्र हा न्याय चालूं पाहतो. आणि तेथें इसार म्हणून दिलेली वस्तु पैसा नसून माणसाची सुटका असते. त्याविषयीं आज आम्ही चार शब्द लिहिणार आहों.

खटल्यांत आरोपीच्या हातीं एकच मोठें हत्यार असतें. तें म्हणजे, 'मला गुन्हा कबूल नाहीं, सरकारनें तो शाबीत करावा,' हे शब्द. हे शब्द तोंडांतून निघाले कीं साक्षीदार आणावे लागतात, त्यांची उलटतपासणी होते, पंचनामे पारखले जातात, आणि शंका उरली तर तिचा फायदा आरोपीस मिळतो. उलट 'गुन्हा कबूल' हे दोन शब्द निघाले कीं सारें एका क्षणांत संपतें. साक्ष नाहीं, उलटतपासणी नाहीं, बहुतेक अपीलहि नाहीं. एवढें मोल देऊन कोणी कबूल कां व्हावें? कांहीं जण पश्चात्तापानें होतात. पण पुष्कळ जण होतात ते कोणी तरी कांहीं तरी देऊं केलें म्हणून. कलम हलकें करूं, शिक्षा कमी मागूं, बाकीचे आरोप काढून घेऊं, असें त्यांस सांगितलेलें असतें. या देवघेवीस आम्ही कबुलीचा सौदा म्हणूं.

हा सौदा अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत जितका मुरला आहे तितका दुसरीकडे क्वचितच असेल. तेथील सुप्रीम कोर्टानें 2012 सालच्या एका निकालांत आंकडे दिले आहेत. मध्यवर्ती सरकारच्या कोर्टांतील शेंकडा 97 आणि संस्थानांच्या कोर्टांतील शेंकडा 94 शिक्षा कबुलीवर झालेल्या होत्या. म्हणजे खटला चालून निकाल लागणें हाच तेथें अपवाद! तेथें प्रत्येक संस्थानाचें कोर्ट वेगळें व मध्यवर्ती सरकारचें वेगळें असतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचा संबंध येणार आहे.

आणि हा सौदा बरोबरीच्या माणसांचा असतो असेंहि कोणी समजूं नये. केंटकी संस्थानांत एका इसमावर 88 डॉलर 30 सेंटांचा खोटा चेक चालविल्याचा आरोप होता. सरकारी वकील म्हणाला, कबूल हो, पांच वर्षें मागतों. न होशील तर सराईत गुन्हेगारांचा कायदा लावून जन्मठेप मागतों. इसम कबूल झाला नाहीं, आणि त्यास जन्मठेप झाली. 1978 सालीं सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं असें ठरविलें. ज्या सौद्याच्या एका पारड्यांत अशी धमकी बसलेली आहे, त्याच्या दुसऱ्या पारड्यांतलें वचन तरी खरें असावें, एवढें मागणें कांहीं फार नाहीं.

वचन मोडलें तर काय, या प्रश्नाचा पायाचा निकाल सँटोबेलो नांवाच्या न्यूयॉर्कच्या इसमाचा आहे. 1969 सालीं त्याच्यावर जुगाराचे दोन भारी आरोप ठेवले होते. सौदा असा ठरला कीं, त्यानें जुगाराच्या नोंदी बाळगल्याचा एक हलका गुन्हा कबूल करावा, आणि सरकारी वकिलानें शिक्षेविषयीं कोर्टास कांहींच शिफारस करूं नये. तो कबूल झाला. शिक्षेची तारीख महिनोगणती लांबत गेली आणि मध्यंतरीं सरकारी वकील बदलला. नव्या वकिलानें 1970 च्या जानेवारींत उभें राहून त्या कलमाखालची जास्तींत जास्त शिक्षा, म्हणजे एक वर्ष, मागितली. आरोपीच्या वकिलानें तेथेंच हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, सरकारी वकिलाच्या बोलण्याचा माझ्यावर कांहीं परिणाम नाहीं. आणि पुरें एक वर्ष ठोठावलें.

1971 सालीं सुप्रीम कोर्टानें ही शिक्षा उठविली. सरन्यायाधीश बर्गर यांनीं घालून दिलेला नियम असा कीं, कबुली ही सरकारी वकिलाच्या वचनावर बऱ्याच अंशीं उभी असेल, तर तें वचन पाळलेंच पाहिजे. पहिल्यानें दिलें आणि दुसऱ्यानें नकळत मोडलें ही सबब चालावयाची नाहीं. एका कारकुनानें दिलेली पावती त्याच कचेरींतल्या दुसऱ्या कारकुनास नाकारतां येत नाहीं, तसेंच हें. न्यायाधीशावर परिणाम झाला कीं नाहीं, हाहि प्रश्न उरत नाहीं; वचन होतें आणि तें मोडलें, एवढें पुरे.

सँटोबेलोस दिलेलें वचन निदान पाळतां येण्याजोगें होतें. गप्प बसावयाचें एवढेंच तें होतें. पण जें वचन मुळांत पाळतांच येत नाहीं, त्याचें काय? दुसऱ्याचा बैल विकल्यासारखें जें वचन, त्याचें काय? खरी गोम येथेंच आहे.

याचें उत्तर त्याच कोर्टानें 1970 सालच्या ब्रेडीच्या खटल्यांत देऊन ठेविलें आहे. धमकीनें, फसवणुकीनें, अगर लांचासारख्या मुळांतच गैर अशा वचनानें मिळविलेली कबुली टिकत नाहीं. आणि फसवणूक म्हणजे काय हें सांगतांना न पाळलेल्या वचनांबरोबर न पाळतां येणारीं वचनेंहि कोर्टानें त्यांत घातलीं आहेत. कारण उघड आहे. कबुली ही राजीखुषीची व समजून उमजून दिलेली पाहिजे. जी वस्तु जगांत नाहींच ती मिळणार असें समजून जो राजी झाला, तो कशास राजी झाला? वचन देणाराचें मन शुद्ध होतें, त्याला स्वतःलाच कायदा ठाऊक नव्हता, असें कोणी म्हणेल. असेल! पण चुकीनें दुसऱ्याचा बैल विकला म्हणून घेणाराच्या दावणीला बैल येत नाहीं.

अशीं वचनें कशीं दिलीं जातात तें पाहा. एका माणसावर संस्थानाचा एक आणि मध्यवर्ती सरकारचा एक असे दोन खटले आहेत. संस्थानाच्या कोर्टांत त्याला सांगतात, कबूल हो, दोन्ही शिक्षा एकदम चालतील, म्हणजे पांच वर्षांत दोन्ही फिटतील. न्यायाधीश हुकुमांतहि तसें लिहितो. परंतु मध्यवर्ती सरकारची शिक्षा केव्हां सुरू झाली हें ठरविणें संस्थानाच्या न्यायाधीशाच्या हातीं नाहीं. मग माणूस एक शिक्षा पुरी भोगून तुरुंगाच्या दारांत येतो तों दुसऱ्या तुरुंगाचा शिपाई उभा असतो, आणि तेथें मोजणी पहिल्या दिवसापासून! कोठें कायद्यानें कमींत कमी शिक्षा बांधून दिलेली असते, आणि वचन त्याहूनहि कमीचें दिलेलें असतें. कोठें 'अमुक दिवसांची सूट मिळेल' म्हणून सांगतात, आणि तुरुंगाच्या नियमांत ती सूट त्या गुन्ह्यास मुळींच नसते. तिन्ही ठिकाणीं रोग एकच आहे. देणाराच्या हातांत जें नव्हतें तें त्यानें दिलें.

परदेशीं राहणाऱ्या माणसाची तर याहून वाईट गत होते. दक्षिण कोरियांतून तेराव्या वर्षीं अमेरिकेंत आलेला ली नांवाचा एक इसम तेथें वाढला व धंद्यास लागला. त्याच्यावर अंमली पदार्थांचा खटला झाला. त्याचा एकच प्रश्न होता, मला देशाबाहेर काढतील काय? त्याच्या स्वतःच्या वकिलानें पुनःपुन्हां सांगितलें, नाहीं काढणार. तो कबूल झाला, आणि मग कळलें कीं त्या कबुलीनें हद्दपारी टळणें जवळजवळ अशक्य झालें आहे. 2010 सालीं पडीला नांवाच्या इसमाच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें आधींच ठरविलें होतें कीं, हद्दपारीचा धोका सांगणें हें वकिलाचें कामच आहे. 2017 सालीं लीच्या बाबतींत कोर्टानें त्याची कबुली मागें घेण्यास मोकळीक दिली. पुरावा त्याच्याविरुद्ध जबर होता, तरीहि! कारण खरें सांगितलें असतें तर त्यानें खटला लढविण्याची बारीकशी संधिहि सोडली नसती. येथें वचन सरकारी वकिलाचें नव्हतें, आपल्याच वकिलाचें होतें. म्हणून वाट वेगळी, ती वकिलाच्या नालायकीची. पण दुखणें तेंच. आपल्याकडील पुष्कळ मुलेंमुली आज परवान्यावर अमेरिकेंत शिकतात व नोकऱ्या करितात. त्यांच्या आईबापांनीं ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावी.

आतां उपाय. सँटोबेलोच्या निकालांत दोन रस्ते दाखविले आहेत. एक, वचन पुरें करून घेणें. म्हणजे शिक्षेचें काम दुसऱ्या न्यायाधीशापुढें नेऊन ठरल्याप्रमाणें करविणें. दुसरा, कबुली मागें घेऊन खटला पुन्हां पहिल्यापासून चालविणें. यांपैकीं कोणता रस्ता हें त्या त्या कोर्टानें ठरवावें असें म्हटलें आहे. न्यायमूर्ति डग्लस यांचें वेगळें मत असें होतें कीं, आरोपीस काय पाहिजे त्यास मोठें वजन द्यावें. आणि तेंच आम्हांस पटतें. पण वचनच अशक्य असेल, तर पहिला रस्ता बंद. कायद्यास जें करतां येत नाहीं तें कोर्टाकडून करवून घेणार कसें? तेथें इसार परत करणें एवढाच न्याय उरतो.

परंतु वाचकहो, इसार परत घेणें फुकट नाहीं, हेंहि आम्ही लपवीत नाहीं. कबुली मागें घेतली कीं सौदाच मोडला. मग काढून घेतलेले आरोप पुन्हां उभे राहूं शकतात. खटला चालून पूर्वीपेक्षां जास्त शिक्षा होऊं शकते. 1989 सालीं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें असें ठरविलें आहे कीं, कबुलीनंतरच्या शिक्षेपेक्षां पुढें खटला चालून झालेली शिक्षा जास्त निघाली, तर तेवढ्यावरून न्यायाधीशानें सूड घेतला असें धरून चालतां येत नाहीं. म्हणून ज्याच्याविरुद्ध पुरावा भक्कम आहे आणि ज्याची बहुतेक शिक्षा भोगून झाली आहे, त्यानें दहादां विचार करावा. हक्क असणें निराळें आणि तो वापरणें शहाणपणाचें असणें निराळें.

तसेंच प्रत्येक तक्रार म्हणजे वचनभंग नव्हे. देऊं केलेला सौदा आरोपी कबूल होण्यापूर्वींच मागें घेतला, तर त्यावर हक्क सांगतां येत नाहीं. 1984 सालच्या मॅब्रीच्या निकालांत हेंच ठरलें. इसार दिलाच नव्हता, मग परत काय मागणार? वकील म्हणाला, 'मला वाटतें दोन वर्षांत भागेल,' आणि चार झालीं, तर तो अंदाज चुकला. वचन मोडलें असें नव्हे. शिक्षा मनाप्रमाणें झाली नाहीं म्हणून कबुली मागें घ्यावयाची, असें आमचें म्हणणें नाहीं.

पण ज्याची तक्रार खरी आहे, त्याचें तरी कोण ऐकतो? कारण पुरावा कोठें आहे? सौदा रुमालाखालीं झालेला. बोलणें झालें तें कोर्टाच्या ओसरींत, नाहीं तर कोठडीच्या गजांआडून. आणि न्यायाधीशापुढें उभें केल्यावर विचारतात, 'तुला कोणी कांहीं वचन दिलें आहे काय?' तेव्हां वकिलानें आधींच शिकवून ठेविलेलें असतें कीं, 'नाहीं' म्हण, नाहीं तर सौदा फिसकटेल. बिचारा 'नाहीं' म्हणतो. पुढें वचन मोडलें आणि तो ओरडला कीं त्याच्याच तोंडचें 'नाहीं' त्याच्या तोंडावर फेकतात. ज्या खोट्या बोलण्यानें सौदा पार पडला, त्याच बोलण्यानें त्याचें तोंड बंद होतें. काय हा न्याय!

या फासांतूनहि वाट आहे, हें 1977 सालच्या अ‍ॅलिसनच्या निकालानें दाखविलें. उत्तर कॅरोलिना संस्थानांत त्यानें तिजोरी फोडण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा कबूल केला. छापील कागदावरचे प्रश्न वाचून दाखविले, वचन दिलें आहे काय यास त्यानें 'नाहीं' म्हटलें, सही झाली. शिक्षा झाली सतरा ते एकवीस वर्षें. त्याचें म्हणणें, मला माझ्या वकिलानें दहा वर्षांचा सौदा ठरला आहे म्हणून सांगितलें होतें, आणि 'नाहीं' म्हणावयासहि त्यानेंच सांगितलें. सुप्रीम कोर्ट म्हणालें, भर कोर्टांतल्या उत्तरांस मोठें वजन आहे, तो अडसर जबर आहे, परंतु कधींच न हलणारा नाहीं. तक्रार नुसती मोघम नसून कोण, केव्हां, काय बोललें असें नेमकें सांगणारी असेल, आणि कोर्टापाशीं छापील कागदाखेरीज कांहीं नोंद नसेल, तर ती तक्रार बाहेरच्या बाहेर फेंकून देतां येत नाहीं. त्याआधीं 1962 सालीं माचिब्रोडाच्या खटल्यांतहि असेंच झालें होतें. वीस वर्षांवर शिक्षा होणार नाहीं असें वचन असल्याचें तो सांगे, आणि झालीं चाळीस! सुप्रीम कोर्टानें चौकशी करावयास लाविली. खरें खोटें तपासल्याशिवाय दार लावूं नका, एवढाच या दोन्ही निकालांचा मथितार्थ आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्याकडे 2006 पर्यंत कबुलीच्या सौद्यास कायद्यांत जागा नव्हती; चोरून मात्र तो चाले. 1976 सालीं महाराष्ट्रांतल्याच एका अन्नभेसळीच्या खटल्यांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं या प्रकारावर कडक ताशेरे झाडले. भेसळ करणारा व्यापारी हलक्या शिक्षेवर सुटतो, आणि ज्यांनीं तें तेल खाल्लें त्यांचें म्हणणें कोणी विचारीत नाहीं, असा त्यांचा रोख होता. 1980 सालीं गुजरातच्या कासमभाईच्या खटल्यांत दुसरी बाजू पुढें आली. हळदींत भेसळीचा आरोप होता. सौदा होऊन तो कबूल झाला, मॅजिस्ट्रेटनें नांवाची शिक्षा दिली, आणि हायकोर्टानें ती वाढविली. न्यायमूर्ति भगवती यांनीं ती सारी शिक्षाच उठविली आणि खटला चालविण्यास परत पाठविला. अशानें निरपराधी माणूसहि कबूल होईल, हें भय त्यांनीं स्पष्ट बोलून दाखविलें.

आणि 1983 सालच्या कायदेपत्रांत छापून आलेला कर्नाटकांतील थिप्पेस्वामीचा निकाल तर आमच्या प्रश्नाचें नेमकें उत्तर आहे. निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्याचा आरोप होता. हलक्यावर सोडूं या भरवशावर तो कबूल झाला. खालच्या कोर्टानें नुसता दंड केला. सरकार वर गेलें, आणि हायकोर्टानें त्यास कैदेंत धाडलें. आतां पाहा, खालचें कोर्ट आपल्यापुरतें वचन पाळूं शकत होतें, पण वरचें कोर्ट काय करील हें त्याच्या हातीं कोठें होतें? म्हणजे वचन पहिल्यापासूनच पुरें करतां येण्याजोगें नव्हतें. सुप्रीम कोर्टानें सांगितलें, हलक्यावर सोडण्याच्या आश्वासनानें माणसास कबूल करावयास लावावयाचें आणि मग अपिलांत शिक्षा वाढवावयाची, हें घटनेच्या एकविसाव्या कलमाच्या विरुद्ध आहे. कबुलीवरची शिक्षा व वाढविलेली शिक्षा दोन्ही उठल्या, आणि त्यास आपला बचाव करण्याची संधि परत मिळाली. इसार परत झाला! हा निकाल प्रत्येक गरिबाच्या वकिलानें तोंडपाठ ठेवावा.

पुढें 2005 च्या दुरुस्तीनें फौजदारी कायद्यांत सौद्याचें नवें प्रकरण घातलें. तें 2006 च्या जुलैपासून चालू झालें. 1 जुलै 2024 पासून तेंच थोड्या फरकानें भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 289 ते 300 या कलमांत आलें आहे. सात वर्षांवर शिक्षेचे गुन्हे, स्त्रियांविरुद्धचे व लहान मुलांविरुद्धचे गुन्हे आणि देशाच्या सांपत्तिक सामाजिक स्थितीस बाधक म्हणून सरकारनें जाहीर केलेले गुन्हे यांस हें प्रकरण लागत नाहीं. अर्ज आरोपीनेंच करावयाचा, तो आरोप ठेवल्यापासून तीस दिवसांत. न्यायाधीशानें त्याला एकट्याला बंद खोलींत घेऊन, हें तूं आपखुषीनें करतोस काय, असें विचारावयाचें. अर्जांत जें कबूल केलें तें दुसऱ्या कोणत्याहि कामीं त्याच्याविरुद्ध वापरावयाचें नाहीं. किती सवलत मिळेल हेंहि कायद्यांतच लिहिलें आहे. हें सारें चांगलें आहे, आणि जें चांगलें आहे त्यास आम्ही चांगलेंच म्हणतों. परंतु शेवटीं एक कुलूप आहे. या प्रकरणाखालील निकाल अखेरचा. त्यावर अपील नाहीं. सुप्रीम कोर्टाची खास परवानगी किंवा हायकोर्टांत रिट, एवढ्याच दोन खिडक्या उघड्या. वाडीवस्तीवरच्या मजुरानें त्या खिडक्यांपर्यंत शिडी कोणाची आणावी?

आणि खरें सांगावयाचें तर आमच्या रयतेच्या कबुल्या या नव्या प्रकरणाखालीं होतच नाहींत. त्या होतात बाहेर. कच्च्या कैदेंत महिने गेलेले असतात, जामिनाला माणूस नसतो, घरीं पेरणी खोळंबलेली असते. अशा वेळीं कोणी तरी कानांत सांगतो, 'कबूल हो, भोगलेली कैद शिक्षेंत धरतील, संध्याकाळीं घरीं जाशील.' कोणी सांगतो, 'नुसता दंड आहे, याचा पुढें कांहीं त्रास नाहीं.' हें सांगणारा कधीं शिपाई असतो, कधीं दलाल, कधीं आपल्याच पैशानें लाविलेला वकील. यांपैकीं शिक्षा देण्याचा अधिकार एकासहि नाहीं. 'पुढें त्रास नाहीं' हें वचन तर ब्रह्मदेवालाहि पाळतां यावयाचें नाहीं. कारण कबुलीवरची शिक्षा हीहि शिक्षाच. सरकारी नोकरीच्या अर्जांत ती सांगावी लागते. चोरीसारख्या कांहीं गुन्ह्यांत मागील शिक्षा असली तर पुढची शिक्षा वाढते. कबुलीनंतर अपीलहि शिक्षा किती आणि ती कायदेशीर कीं नाहीं एवढ्यापुरतेंच उरतें.

पारधी, कैकाडी यांसारख्या जातींस गुन्हेगार जातींच्या कायद्यानें जन्मतःच चोर ठरविलें होतें. तो कायदा 1952 सालीं गेला. पण लोकांच्या मनांतला शिक्का गेला नाहीं. अशा घरच्या पोरानें घरीं जाण्याच्या आशेनें एकदां 'कबूल' म्हटलें, कीं दुसऱ्या वेळीं तेंच 'कबूल' त्याच्या नांवापुढें काळ्या शाईंत उभें राहतें. त्यानें संध्याकाळीं घरीं जाण्यास किती मोल दिलें, हें त्यास कोणी सांगितलें होतें काय?

यावर शहाणे लोक म्हणतील, कबुल्या अशा उघडूं लागलों तर कोर्टांचें काम बुडेल. प्रत्येक कैदी उठून 'मला वचन दिलें होतें' म्हणेल. आम्ही विचारतों, ही भीति कोणाच्या चुकीमुळें आहे? वचन उघड्यावर बोललें, रोजनाम्यांत लिहिलें, आरोपीस त्याच्या भाषेंत वाचून दाखविलें, तर खोटी तक्रार करणार कोण? रुमाल तुम्हीच टाकावयाचा, आणि रुमालाखालीं काय झालें हें सिद्ध कर म्हणून अडाण्याला तुम्हीच सांगावयाचें, हें बरें आहे! बर्गर यांनींहि सँटोबेलोच्या निकालांत सौद्याची प्रथा उपयोगी म्हणूनच मानली होती. ज्यास सौदा हवा आहे त्यानेंच तो सचोटीचा ठेवण्याची काळजी जास्त घ्यावी.

म्हणून आमच्या वाचकांस आमचें सांगणें असें. कोर्टांत 'कबूल' म्हणण्यापूर्वीं, वचन देणारा कोण आणि तें पुरें करण्याचा अधिकार त्यास आहे काय, हें आधीं विचारा. वचन असेल तर तें न्यायाधीशासमोर बोलून दाखवा आणि लिहून घेण्यास सांगा. जो 'नाहीं म्हण' असें शिकवितो तो तुमचा हितकर्ता नव्हे. लहान खटल्यांत कबुली शक्य तों आरोपीच्याच शब्दांत लिहावी, असा कायदा आहे. तेव्हां तुमचे शब्द तुम्हीच बोला. वकिलास पैसे नसतील तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडींत असलेल्या माणसास, त्याची कमाई कितीहि असो, 1987 च्या कायद्यानें तेथें फुकट वकील मागण्याचा हक्क आहे. स्त्रियांस आणि अनुसूचित जातीजमातींच्या लोकांसहि आहे. आणि वचन मोडलें असें दिसतांच त्याच दिवशीं, त्याच कोर्टांत तोंड उघडा. सँटोबेलोच्या वकिलानें तेथेंच हरकत घेतली, म्हणून पुढें त्याचें ऐकलें गेलें. कोण, कोणत्या दिवशीं, कोणत्या शब्दांत बोललें हें लिहून ठेवा, रोजनाम्याची नक्कल घ्या, आणि वकिलाला थिप्पेस्वामीचा निकाल दाखवा.

सरकारकडे आमचें मागणें थोडें आहे. महाराष्ट्रांत कबुली घेतांना आरोपीस समजेल अशा मराठींत, आणि त्याची बोली वेगळी असल्यास त्या बोलींत, तीन गोष्टी सांगाव्या व लिहाव्या. वचन काय आहे. तें देणारास तसा अधिकार आहे काय. आणि या कबुलीनें नोकरी, परवाना, पुढील खटला यांवर काय परिणाम होईल. आणि वचन पुरें होत नाहीं असें दिसल्यास कबुली मागें घेण्याचा हक्क कायद्यांतच साध्या शब्दांत लिहावा, म्हणजे त्यासाठीं मजुरास मुंबई अगर दिल्ली गांठावी लागणार नाहीं.

गुन्हेगारास सोडा असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचा गुन्हा शाबीत होईल त्यानें शिक्षा भोगावी. पण शाबीत करण्याची मेहनत वांचविण्याकरितां ज्याच्या तोंडून 'कबूल' काढून घेतलें, त्याच्याशीं केलेला शब्द सरकारनें पाळावा. आणि पाळतां येत नसेल तर त्याचा 'कबूल' त्याला परत द्यावा. चावडीवरच्या चार अडाणी माणसांस जें कळतें, तें काळे डगले घातलेल्या विद्वानांस कळूं नये काय? एक तर बैल द्या, नाहीं तर इसार परत करा.